सेवेची क्षणचित्रे : काय टिपावे, काय राखावे?

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरातील ख्रिस्तमंडळ मिशन रविवार पाळते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली या प्रथेला जागतिक स्वरूप दिले. त्या दिवशी आपण दूरदेशी सेवा करणाऱ्या धर्मगुरूंसाठी, धर्मभगिनींसाठी व प्रापंचिक स्वयंसेवकांसाठी प्रार्थना करतो आणि यथाशक्ती दान देतो. अनेक चर्चच्या फलकांवर त्या सुमारास छायाचित्रेही लागतात. आफ्रिकेतील एखादी शाळा, निर्वासितांच्या छावणीतील दवाखाना, विहिरीवर पाणी भरणाऱ्या स्त्रिया, हसणारी मुले. पूर्वी मिशनरींचे पत्र यायला महिने लागत. आज सकाळी टिपलेले छायाचित्र संध्याकाळच्या रोझरीपूर्वी घराघरांतल्या मोबाइलवर येऊन पोहोचते.

साधन सोपे झाले की त्याच्या वापराचा विचार अधिक करावा लागतो. ही छायाचित्रे कोणासाठी असतात? त्यांत दिसणाऱ्या माणसांचा त्यांवर काही अधिकार आहे की नाही? सेवा करणाऱ्याने काय सांगावे आणि काय आपल्यापाशीच राखावे? मीरा-भाईंदर परिसरातील वाचकांना हे प्रश्न परके वाटू नयेत. उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या गावांतून आणि मीरा रोडच्या वसाहतींतून कोणी परिचारिका म्हणून, कोणी शिक्षक म्हणून, तर कोणी व्रतस्थ जीवन पत्करून परदेशी जात असतात. त्यांच्याकडून येणाऱ्या पत्रांची व चित्रांची वाट पाहणारी घरे आपल्यामध्ये आहेत. म्हणूनच या विषयाचा थोडा इतिहास आणि थोडा विवेक आम्ही येथे मांडत आहोत.

प्रेषितांची रीत

केलेल्या सेवेचा वृत्तांत स्वकीयांना सांगणे ही ख्रिस्तमंडळाची पहिल्या शतकापासूनची रीत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायाच्या अखेरीस पौल व बर्णबा अंत्युखियास परत येतात, मंडळीला एकत्र जमवतात आणि देवाने आपल्या हातून काय काय केले ते सांगतात. ज्या मंडळीने त्यांना पाठवले होते, तिला हे ऐकण्याचा हक्क होता. वृत्तांत सांगणे हा पाठवणाऱ्यांविषयीच्या कृतज्ञतेचा भाग होता.

या वृत्तांतात मोठ्या घटनांच्या जोडीला साध्या गोष्टीही असतात. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या मरणाविषयी गंभीरपणे लिहितो आणि त्याच अध्यायात त्रोवस येथे राहिलेला आपला झगा व चर्मपत्रे घेऊन ये, असेही सांगतो. हिवाळा तोंडावर आला होता आणि म्हातारा प्रेषित कैदेत होता. त्या एका झग्याच्या उल्लेखाने पौलाची थंडी आपल्यापर्यंत पोहोचते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातही पुनरुत्थित प्रभू प्रथम भेटतो तो किनाऱ्यावरच्या निखाऱ्यांपाशी, भाजलेल्या मासळीसह. उत्तनच्या कोळी बांधवांना त्या पहाटेचे वर्णन समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

दोन वेगळे कागद

सोळाव्या शतकात येशू संघाने पत्रलेखनाला शिस्त लावली. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संत इग्नाशियस यांनी आपले सहकारी पीटर फेबर यांना एक पत्र लिहिले. त्यात पत्र कसे लिहावे याविषयीच मार्गदर्शन आहे. मुख्य पत्र असे असावे की ते कोणालाही दाखवता येईल. ते एकदा लिहून, तपासून, मग पुन्हा स्वच्छ लिहावे. खासगी बाबी, अडचणी, माणसांविषयीच्या नाजूक गोष्टी वेगळ्या कागदावर लिहाव्यात, असा त्या सूचनेचा आशय आहे.

ही सूचना कार्यालयीन सोयीसाठी होती असे वरवर पाहता वाटेल. परंतु तिच्यात एक नैतिक जाण आहे. सगळेच सत्य सगळ्यांसाठी नसते. जे सर्वांसमोर वाचले जाणार आहे त्यात दुसऱ्याची अब्रू गुंतलेली असते. झेवियर यांची पत्रे युरोपात हातोहात नकलून घेतली गेली व वाचली गेली. आज एका बोटाच्या स्पर्शाने चित्र शेकडो लोकांकडे जाते. अशा काळात लिहिलेले पुन्हा एकदा तपासण्याची ही जुनी सवय अधिकच मोलाची ठरते.

माडाचे वर्णन करणारे पत्र

परदेशी सेवकांनी टिपलेल्या दैनंदिन जीवनाचे एक सुंदर उदाहरण आपल्याच भूमीविषयीचे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या वडिलांना प्रवासाचा वृत्तांत कळवला. पुढे १५८३ साली त्यांनी आपला भाऊ रिचर्ड याला पत्र पाठवले. त्या पत्रात माडाचे वर्णन आहे. या एकाच झाडापासून तेल, ताडी, गूळ, साखर व शिर्का कसा मिळतो, काथ्याचे दोर कसे वळले जातात, झावळ्यांनी झोपड्यांना पावसापासून आडोसा कसा मिळतो, हे ते आपल्या भावाला समजावून सांगतात. त्याच पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेसारखी असल्याचे निरीक्षण ते नोंदवतात. विद्वानांनी या विषयाची शास्त्रीय चर्चा सुरू केली त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे.

आपल्या वाड्यांतील माणसांनी माडाला कधी नवल मानले नसेल. परंतु दुरून आलेल्या माणसाने त्याकडे आदराने पाहिले आणि आपल्या माणसांना ते कळवले. या पाहण्याचे फळ पुढे मिळाले. जो माणूस झाड आणि भाषा इतक्या बारकाईने पाहत होता, त्यानेच १६१६ साली प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले. आधी तो येथील लोकांचा विद्यार्थी झाला, मग त्यांच्या भाषेत बोलू शकला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने हा क्रम ध्यानी घ्यावा असे आम्हांस वाटते.

वसईचा गोन्सालो

आपल्या खाडीपलीकडच्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे परदेशातील सेवेचे आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशू संघाच्या धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून साहाय्य केले. येशू संघात प्रवेशाची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. क्योतो नगरीत या फ्रान्सिस्कनांनी गरिबांसाठी, विशेषतः कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर खिळून मारण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

गोन्सालो यांचे बलिदान आपल्याला ठाऊक आहे, त्यांचा रोजचा दिवस मात्र आपण कल्पनेनेच पाहतो. रुग्णाचे दुखणे वैद्याला समजावणे, अधिकाऱ्याचा हुकूम धर्मगुरूंना सांगणे, बाजारात भाव करणे, अशीच दुभाष्याची कामे असणार. हौतात्म्याच्या एका दिवसामागे अशा हजारो साध्या दिवसांची तयारी होती.

त्या काळच्या जपानमधील दैनंदिन जीवन मात्र एका दुसऱ्या मिशनरीने टिपून ठेवले आहे. फादर लुईश फ्रोइश हे पोर्तुगीज धर्मगुरू १५४८ साली गोव्यात आले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ जपानमध्ये राहिले. १५८५ साली त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे सहाशे लहान कलमांत युरोप व जपान येथील चालीरीतींची तुलना आहे. मुले कशी वाढवतात, काय व कसे खातात, घरे कशी बांधतात, घोड्यावर कसे बसतात, आजाऱ्याला काय देतात, अशा विषयांची ती नोंद आहे. आपल्याकडे असे, त्यांच्याकडे तसे, अशा साध्या पद्धतीने ते लिहितात. जपानच्या इतिहासाच्या अभ्यासकांना आजही या नोंदी उपयोगी पडतात. सव्वीस हुतात्म्यांच्या बलिदानाचा वृत्तांतही याच फ्रोइश यांनी लिहिला आणि १५९७ च्या जुलै महिन्यात नागासाकी येथेच त्यांचे निधन झाले. वसईच्या मुलाच्या अखेरच्या प्रवासाची माहिती जगाला मिळाली त्यात या वृद्ध धर्मगुरूच्या लेखणीचा मोठा वाटा आहे.

सोलापूरचे डॉक्टर

सेवेची साक्ष केवळ ख्रिस्ती माणसेच देतात असे नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापूर येथे झाला. मुंबईत त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यांत ते होते. यथावकाश इतर चौघे परतले, कोटणीस मागे राहिले. ते चिनी भाषा शिकले, रणभूमीजवळ शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी सांभाळली, चिनी परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले.

त्यांची आठवण टिकली कशी? पथकातील दुसरे डॉक्टर, बिजयकुमार बसू, यांनी रोजनिशी ठेवली होती. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्या पथकाची कथा पुस्तकरूपाने लिहिली आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट काढला. एका सहकाऱ्याने थकल्या रात्री लिहिलेल्या नोंदी नसत्या तर सोलापूरचा हा सुपुत्र आपल्या स्मरणात इतका ठसठशीत राहिला असता का, हा प्रश्नच आहे. सेवा करणाऱ्याने स्वतःविषयी मौन राखावे, परंतु सोबत्याने साक्ष द्यावी, हा त्यातला धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

चित्राची दुसरी बाजू

इथवर आपण चांगली बाजू पाहिली. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मार्च १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे छायाचित्रकार केव्हिन कार्टर यांनी दुष्काळग्रस्त सुदानमध्ये एक छायाचित्र टिपले. भुकेने खंगलेले, जमिनीवर कोसळलेले एक बालक आणि त्याच्यामागे बसलेले गिधाड. अमेरिकेतील एका प्रख्यात वृत्तपत्राने ते छापले आणि जग हादरले. सुदानकडे लक्ष वेधले गेले, हे खरे. परंतु असंख्य वाचकांनी एकच प्रश्न विचारला : त्या बालकाचे पुढे काय झाले? पुढील वर्षी या छायाचित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, जुलै १९९४ मध्ये, कार्टर यांनी आत्महत्या केली. त्यांच्या मनावर अनेक वर्षांच्या हिंसाचाराचे ओझे होते. त्यांचा न्याय करणे हे आपले काम नव्हे. परंतु वाचकांनी विचारलेला तो प्रश्न प्रत्येक छायाचित्राला लागू पडतो. ज्याचे दुःख आपण दाखवले त्याचे पुढे काय झाले?

हा अनुभव आपल्यालाही अगदीच अपरिचित नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणींची छायाचित्रे घेण्यासाठी दुरून पाहुणे येतात. बांबूंवर लोंबणारी मासळी, हिरवी-लाल लुगडी, नांगरलेल्या होड्या, सारे काही चित्रात छान दिसते. पण मासळी घटली आहे, डिझेल महागले आहे, अवकाळी पावसाने वाळत घातलेला माल भिजतो, हे चित्रात येत नाही. जो पाहुणा दोन शब्द बोलतो, नाव विचारतो, चित्र दाखवतो, तो लक्षात राहतो. जो न विचारता यंत्र डोळ्याला लावतो आणि निघून जातो, त्याच्याविषयी मनात काय येते ते आपल्या भगिनींनाच विचारावे. परदेशी सेवेला जाणारा आपला तरुण तिथल्या एखाद्या भगिनीसमोर नेमका त्याच पाहुण्याच्या जागी उभा असतो.

काही साध्या कसोट्या

परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी, तसेच धर्मग्रामाच्या फलकावर वा वार्तापत्रात छायाचित्रे लावणाऱ्यांसाठी काही कसोट्या आम्ही सुचवतो.

पहिली, अनुमती. समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत विचारावे आणि चित्र कोठे जाणार आहे तेही सांगावे. औषध वा अन्न घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा होकार हा मोकळा होकार नसतो, कारण नकार दिला तर मदत थांबेल अशी भीती त्याच्या मनात असू शकते. म्हणून मदत देताना छायाचित्र न घेणे उत्तम.

दुसरी, मुलांचे संरक्षण. आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करून त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. अनाथाश्रमाला भेट देऊन मुलांसोबतची चित्रे सर्वत्र पाठवणाऱ्या मंडळांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. जी काळजी येथे घ्यायची तीच तेथेही घ्यावी.

तिसरी, आपलेपणाची कसोटी. चित्रातील व्यक्ती आपली आई वा बहीण असती, तर हे चित्र चर्चच्या दारात लावलेले आपल्याला चालले असते का? या एका प्रश्नाने बहुतेक शंका मिटतात.

चौथी, पूर्णता. माणूस केवळ गरजवंत नसतो. तो स्वयंपाक करतो, गातो, भांडतो, विनोद करतो, प्रार्थना करतो. स्वयंसेवक जे देतो तेवढेच टिपले तर चित्र अर्धे राहते. त्याला तेथे जे मिळाले तेही सांगितले पाहिजे. कोणी त्याला भाषा शिकवली, कोणी तापात उशाशी बसले, कोणी आपल्या ताटातले अर्धे दिले.

पाचवी, नम्रता. प्रत्येक चित्राच्या मध्यभागी सेवा करणाराच उभा असेल तर काहीतरी चुकते आहे. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. मोबाइलच्या युगातही ती रद्द झालेली नाही.

पाहणाऱ्यांचे कर्तव्य

शेवटी घरी राहणाऱ्यांविषयी. लिझ्यूची संत तेरेजा कार्मेल मठाबाहेर मिशनकार्यासाठी कधी गेली नाही. तरीही १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी तिला मिशनकार्याची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. दोन तरुण मिशनरींशी तिचा पत्रव्यवहार होता. त्यांपैकी फादर आदोल्फ रुलाँ १८९६ साली चीनकडे निघाले. ते ज्या प्रांतात जाणार होते त्याचा नकाशा तेरेजाने आपल्या कामाच्या जागी भिंतीवर लावला. ती काम करताना नकाशाकडे पाहत असे आणि आपला दिवस त्या न पाहिलेल्या माणसांसाठी अर्पण करीत असे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात योहानाच्या पहिल्या अध्यायातील 'या आणि पाहा' या आमंत्रणाचा आधार घेतला होता. माणसांना ती जिथे आहेत तिथे, जशी आहेत तशी भेटावे, हा त्या संदेशाचा गाभा होता. दूरदेशीच्या सेवेचे छायाचित्र आपल्या हाती येते तेव्हा आपल्यालाही तेच आमंत्रण असते. ते पाहून क्षणभर हळहळणे आणि पुढच्याला पाठवून देणे एवढ्याने पाहणे पूर्ण होत नाही. त्या गावाचे नाव विचारावे, नकाशात ते शोधावे, तिथल्या माणसांसाठी मिस्साबलिदानात प्रार्थना करावी आणि परतलेल्या स्वयंसेवकाला एक संध्याकाळ बोलावून शांतपणे त्याचे ऐकावे.

आणि आपल्याच मीरा-भाईंदरमध्ये दूरवरून पोटासाठी आलेला एखादा मजूर, एखादी घरकामवाली, आपल्या दाराशी परदेशीच आहे. त्यांच्या रोजच्या जीवनातील क्षण टिपायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. त्यांचे नाव ठाऊक असले आणि आजारपणात त्यांची चौकशी झाली, तर मिशन रविवारचा अर्थ आपल्याला उमगला असे म्हणता येईल. संत गोन्सालो गार्सिया आपल्या सर्वांसाठी प्रभूजवळ मध्यस्थी करोत.